मातीचा माणूस उभा राहिला

सासऱ्यांना कवळी बसली आणि घरातली क्लॅरिनेट मुकी झाली. उभा जन्म वाजवण्यात गेलेला माणूस, पण आता फुंकर मारली की वरचे दात हलायचे आणि सुराऐवजी शिट्टी यायची. नेमकं तेव्हाच पियानो वाजवणाऱ्या त्यांच्या सुनेला काम मिळालं: एका जुन्या मूकपटाला थिएटरात बसून संगीत द्यायचं. सिनेमा ज्यू लोककथेवरचा. वस्तीवर संकट येतं, तेव्हा म्हातारा रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, नदीकाठच्या मातीचा धिप्पाड माणूस घडवतो, त्याच्या तोंडात पवित्र शब्दाची चिठ्ठी ठेवतो आणि माती डोळे उघडते.

"तिथं क्लॅरिनेटच हवी," सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"मग मी आहे की!" सासरे म्हणाले.

तालमीत शिट्टीच वाजली. साथीला घेतलेली व्हायोलिनवाली खुदकन हसली. थिएटरच्या मॅनेजरनं सुनेला बाजूला घेतलं, "दुसरं कोणी बघा." घरी तिनं आडून आडून विषय काढला.

"बाबा, तेवढा सूर व्हायोलिनला दिला तर?"

"तो रब्बी चिखलात जीव घालतो, आणि मला साध्या लाकडात हवा घालता येऊ नये?"

झालं, हट्टाला पेटले. कवळी हलू नये म्हणून वरचा ओठही दातांवर दुमडून वाजवायला लागले. ओठ सोलवटले, शेजारी वैतागले. शेवटी सूर आला तो खरखरीत, जमिनीखालून निघाल्यासारखा. सुनेच्या अंगावर काटा आला. बाबाच वाजवतील, असं तिनं मॅनेजरला कळवून टाकलं. पण मातीचा माणूस पुरता उभा राहीपर्यंत तो टिकायला हवा होता, आणि दम मध्येच सुटायचा.

खेळाला थिएटर खच्चून भरलं. पडद्यावर चिठ्ठी ठेवली गेली. नुसत्या श्वासासारखा सूर सुरू झाला. पापण्या हलल्या, खांदे उचलले, सूर वाढत गेला. सासरे लालबुंद. आता सुटणार म्हणून सावरायला सुनेनं हात पियानोवर नेले. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. तिनं हात मागे घेतले.

तो अजस्र देह उठत गेला, उठत गेला, डोकं पडद्याच्या वरच्या कडेला टेकलं, तरी सूर चालूच! पुढच्या रांगा नकळत मागे रेलल्या. पहिलं पाऊल पडलं, आणि सुनेनं पियानोच्या खर्जात दोन्ही हात घातले.

दिवे लागले तेव्हा सगळं थिएटर उभं होतं. मॅनेजर धावत आला. "आजोबा, पुढच्या शनिवारीही खेळ ठेवतोय. याल ना?"

"सूनबाईंना विचारा," सासरे ऐटीत म्हणाले. "संगीत त्यांचं आहे."

टाळ्या थांबेनात. सुनेनं त्यांचा हात धरला आणि उंच उचलला.