बंदुकीला नूरबानोची हरकत

रावजी रजेवरून बहारीनला परत आला तो तळलेले गरे, कुळथाचं पीठ आणि माझ्या दिराने दिलेला एक कागद घेऊन. गरे आणि पीठ मी ठेवून घेतलं. कागद मात्र आल्या पावली परत पाठवावा असं वाचल्याबरोबर वाटलं.

कागद सरळ होता. माझे सासरे, आमचे बाबा, वारले. त्यांच्या नावावर शेतीच्या राखणीसाठी एकनळी बंदूक होती, ती आता धाकट्या मुलाच्या, ताहिरच्या, नावावर व्हायची होती. थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा इलियास. त्याची काही हरकत नाही अशी सही हवी होती आणि ती इथल्या, बहारीनच्या, आपल्या वकिलातीचा शिक्का घेऊन पाठवायची होती. कायद्याप्रमाणे बंदूक तोवर पोलीस ठाण्यात जमा केली आहे, असा तोंडी निरोप होता. सासूबाईंनी अंगठा दिलेलाच होता. ताहिरने मागितलं आणि सासूबाईंनी नाही म्हटलं, असं अजून घडायचंय.

ताहिरची बायको नूरबानो माझी सख्खी धाकटी बहीण. एकीला दुसरीचा आधार होईल म्हणून आमच्या अब्बांनी दोघींना एकाच घरात दिलं. पुढे इलियासला इथे क्लार्कची नोकरी लागली, फॅमिली व्हिसा मिळाला, मी मनामाजवळच्या झिंजमध्ये दोन खोल्यांत येऊन राहिले आणि ती तिकडे एकटी पडली.

गेल्या रजेत आम्ही गावी होतो. इलियास बाजाराला गेला होता. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून ताहिर ताटावरून उठला, खुंटीवरची बंदूक काढली आणि नळी नूरबानोच्या गळ्याला लावली. हसत होता मेला! बाबा धावत आले, त्यांनी बंदूक हिसकावली आणि त्या दिवसापासून काडतुसं स्वतःच्या उशाखाली ठेवायला लागले. बार भरलेला नव्हता, असं नंतर सगळ्यांनी मला समजावलं. थट्टा केली म्हणे. माझ्या बहिणीच्या गळ्यावर उठलेला गोल वळ मी पाहिला होता. इलियास घरी आला तेव्हा तिने पदर लपेटून घेतला होता आणि तोही थट्टेवर विश्वास ठेवून मोकळा झाला.

आता बाबा नव्हते. कागद आल्यापासून मला एका जागी बसवेना. धुतलेली भांडी परत धूत होते, गॅस बंद केला का ते दहादा पाहत होते. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रावजी त्याच्या जिदहफ्सच्या खोलीवरून गप्पांना आला, तर चहात साखरेऐवजी मीठ घालून बसले.

रावजी खाडीपलीकडच्या गावचा, इथे ड्रायव्हर. बंदुकीचा कायदा आणखी कडक हवा, असं मी म्हणताच तो तावातावाने बोलायला लागला.

"वैनी, तुमी हितं बसून बोलताव. तितं डुकरां उतरली की सकाळी कापायला काय उरत नाय. माजी सगली नाचणी फस्त केलानी. कोन राखनार? कायदा राखनार?"

"आनी चोर?" इलियासने री ओढली. "गल्फवाल्याचा घर म्हंजे सोना, टेपरेकॉर्डर, सगल्या गावाला ठाव. पोलीस येतील ते पंचनाम्याला. सरकार कायदा कडक करता तो आपल्यासारख्यांना. चोर कदी लायसन मागायला गेला काय?"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. इलियास इथे आणि मी तिकडे, अशी काही वर्षं मी त्या घरात काढली आहेत. रात्री कौलावर काही वाजलं की मला खुंटीवरच्या बंदुकीची आठवण यायची आणि मग झोप लागायची. पण तेव्हा ती बाबांची होती.

"चोर एकदा येल," मी म्हटलं. "ताहिर रोज घरात हाय."

रावजी कपात बघायला लागला. इलियास चिडला.

"एका बंदुकीला तलाठ्याचा दाखला, सरपंचाचा दाखला, फौजदाराची चौकशी! आजून किती कडक करायचा? आजून कोनाचा दाखला हवा तुला?"

"बायकोचा."

"काय?"

"ज्या घरात बंदूक टांगनार, त्या घरातल्या बायकोचा दाखला. गावभर विचारत फिरतात, तिला कोन विचारत नाय."

रावजी हसला. इलियास हसला नाही. बराच वेळ तो कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिला, मग म्हणाला, "बरा. विचारू तिलाच. ती नको म्हनाली तर मी सही करनार नाय. हो म्हनाली तर तू परत हा विषय काढायचा नाय."

मी कबूल झाले. त्याच संध्याकाळी आम्ही गावी तार केली: मंगळवारी सकाळी नूरबानोला फोनसाठी पोस्टात आणा. 'सगळे खुशाल' हे शब्द घालायचे राहिले. गल्फमधून तार आली की गावात कुणाची तरी मय्यत झाली असं धरून चालतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण डोकं त्या बंदुकीत अडकलेलं.

मंगळवारी मनामाच्या टेलिफोन ऑफिसात लाईन लागली. एका रिसीव्हरला दोघांनी कान लावला. पलीकडून आधी रडणं ऐकू आलं, ते एकीचं नव्हतं. सासूबाई किंचाळत होत्या, "माजा इलियास जिता हाय ना?" सगळा मोहल्ला पोस्टात लोटला होता.

"मीच बोलताव, आई! सगले खुशाल!" इलियास ओरडला. त्या लाईनवर ओरडल्याशिवाय काही पोचत नाही. मग ताहिरचा आवाज आला. "सही झाली ना, दादा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पलीकडे कुजबुजायची सोय नव्हती. नूरबानो जे बोलेल ते ओरडूनच बोलणार, ताहिर शेजारी उभा असताना, साऱ्या गावासमोर. मी इलियासची बाही ओढली. "ऱ्हाऊ दे. नका विचारू." शुक्रवारी जिच्या नकारासाठी भांडले, ती आता खोटं बोलेल तर बरं, असं मला वाटायला लागलं.

इलियासने बाही सोडवून घेतली. "नूरला दे!" ताहिर काहीतरी म्हणाला. "नूरला दे म्हनतो ना!"

रिसीव्हर हातात घेतल्याची खरखर झाली.

"नूर, बंदूक ताहिरच्या नावावर करू? तुजी हरकत नाय ना?"

नुसती खरखर. मग अगदी बारीक आवाज. मला शब्द कळले, पण इलियासला खात्री करून घ्यायची होती.

"मोठ्यान बोल!"

"नको!" नूरबानो ओरडली. "नका करू, भाईजान! तो माज्यावर धरतो! ठान्यात दिलीच नाय, बाबा गेल्यापासून उशाला घेऊन निजतो! भरलेली!"

पलीकडचं रडणं थांबलं. सासूबाईंचंसुद्धा. कुणीतरी "फोन ठेव" म्हणालं आणि लाईन गेली.

इलियास रिसीव्हर हातात धरून उभा होता. मला वाटलं आता माझ्यावर डाफरेल, नाहीतर भावाची बाजू घेईल. तो बूथमधून बाहेर पडला, काऊंटरवर गेला आणि पुन्हा इंडियाचा कॉल मागितला, अर्जंट. नंबर काय, असं तिथल्या माणसाने विचारलं. नंबर माहीत नाही, तालुक्याचं पोलीस स्टेशन द्या, असं तो म्हणाला. नंतर माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. मी उठले. मला बसवतच नव्हतं. बाकापासून दारापर्यंत आणि दारापासून बाकापर्यंत मी फिरत राहिले आणि मनात एकच चालू होतं, पोस्ट सोडू नकोस नूर, लोकांतून हलू नकोस.

लाईन लागली तेव्हा इलियासने बूथचं दार लावलं नाही. त्याचा आवाज साऱ्या ऑफिसात घुमला. गावचं नाव सांगितलं, घराची खूण सांगितली. लायसनवाला वारला, बंदूक घरातच आहे, भरलेली आहे.

"माझा भाऊ," तो ओरडला. "हो, सख्खा. लिहून घ्या... मी इलियास, बहारीनहून."

हवालदाराने धोका कुणाला आहे असं विचारलं असावं. इलियासने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"माझ्या बहिणीला," तो म्हणाला.

जीप कधी निघेल, हे तो विचारत असताना पुन्हा लाईन गेली. त्याने तिसरा कॉल मागितला. काऊंटरवरचा माणूस म्हणाला, बसा, वेळ लागेल. पोस्टापासून आमचं घर, आणि ताहिरच्या उशाची ती बंदूक, लांब नाही.