परीक्षेचा रोगी

ज्या शुश्रूषागृहात बरे होण्यासाठी कोणीच दाखल होत नाही, उरलेले दिवस वेदनेवाचून जावेत एवढ्याचसाठी माणसे येतात, तेथे एक धडधाकट म्हातारा मोठ्या हौसेने खाटेवर जाऊन निजत असे. म्हातारा पेशाने शिंपी. दुकानाला कुलूप लागून बराच काळ लोटला होता आणि पत्नी याच इमारतीत निवर्तली होती. येथे नोकरी पक्की होण्यापूर्वी प्रत्येक परिचारिकेची परीक्षा होई. खऱ्या मरणासन्न जिवावर परीक्षा घेणे बरे नव्हे, म्हणून रोग्याचे सोंग कोणी तरी घ्यावे लागे. ते शिंपीमामांनी आपणहून पत्करले होते.

लोक म्हणत, काय हा परोपकार! खरी गोष्ट निराळी होती. पत्नी गेल्यापासून मामांच्या अंगाला माणसाचा हात म्हणून लागत नव्हता. न्हाव्याचा लागे, तोही घाईचा. परीक्षेच्या दिवशी मात्र कोणी उशी सारखी करी, कोणी कपाळावर पालथा हात ठेवी, कोणी ओल्या कापसाने ओठ पुशी. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाची मापे घेतलेल्या त्या माणसाला ती खाट जिवापलीकडे प्रिय झाली होती.

अशातच एका परीक्षेच्या चार दिवस आधी ते न्हाणीघरात घसरून पडले. उजवा खुबा ठणकू लागला. परंतु सोंग घेणारा निरोगीच असला पाहिजे, असा तेथला दंडक होता. दुखणे कळले की खाट गेली! म्हणून मामांनी ते अंगावर काढले आणि लंगडणे लपवीत परीक्षेला हजर झाले.

परीक्षक बाई खुर्ची ओढून बसल्याच होत्या.

“मामा, आज तुमच्या पोटात गाठ आहे. कळ डावीकडे. विचारलं तर म्हणायचं, काही दुखत नाही. हात लागला की मगच चेहरा वाकडा करायचा.”

“आणि घरी कोण कोण आहे माझ्या?”

“मुलगा, सून, तीन नातवंडं. भरलं गोकुळ!”

“वा! मग आजारी पडायला काय हरकत आहे?” मामा म्हणाले, आणि बाईंना हसू आवरेना.

आत आलेल्या परिचारिकेला सगळे ‘मुकी’ म्हणत, कारण ती कामापुरतेच बोले. मागच्या खेपेस ती नापास झाली होती. ही शेवटची संधी. या वेळी हुकले तर नोकरीवर पाणी सोडावे लागणार, हे मामांनाही ठाऊक होते.

तिने तळहात एकमेकांवर घासून ऊन केले. मगच ती जवळ आली.

“मामा, कुठं दुखतंय?”

“छे! काही दुखत नाही.”

पाठ पाहावी म्हणून तिने चादरीच्या आधाराने त्यांना हळूच उजव्या कुशीवर वळवले, आणि मामांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडातून त्यांनी ब्र काढला नाही. केवळ मुठीत चादर आवळली. तिची नजर त्या मुठीवर गेली. तिने त्यांना तत्काळ उताणे केले, पायाखाली उशी सरकवली आणि बोटांच्या टोकांनी खुब्याभोवती चाचपू लागली. पोटाला हात लावायचे राहूनच गेले. वेळ संपली.

“झालं!” बाई म्हणाल्या. “अगं, गाठ पोटात होती. तू पायातच अडकून बसलीस.”

“यांना खरंच दुखतंय, बाई.”

“मामांचं कामच आहे ते. आणि दाखवायचं होतं डावीकडे.” बाई मामांकडे वळल्या. “तुम्हीच सांगा, मला निकाल द्यायचाय. उजवीकडे काही होतंय?”

मामांनी खाटेची कड घट्ट धरली.

“काही नाही,” ते म्हणाले.

मुकीचा चेहरा उतरला, तरी तिने त्यांच्या अंगावर पांघरूण ओढले. “उशी तेवढी राहू द्या पायाखाली,” एवढेच म्हणून ती दाराकडे निघाली.

ज्या मुलीची भाकरी आपण आत्ता काढून घेतली, तिला अजून आपल्याच पायाची काळजी! मामांना हे सोसवेना.

“बाई, ही पोर खरं बोलतेय. मी पडलोय. खुबा रात्रंदिवस ठणकतोय. खोटा मी आहे, ती नाही.”

बाई खुर्चीवरून उठल्या.

“मामा, कमाल आहे हो तुमची! मला का नाही सांगितलंत? आता तुम्हाला इथं कशी निजू देऊ मी?”

“नका देऊ. तिला पास करा.”

“ते मला तुम्ही शिकवायला नको. गाठ तर मी सांगून ठेवलेली. खुब्याचं तिला कुणी सांगितलं होतं?” मग मुकीकडे वळून त्या म्हणाल्या, “पास आहेस. आधी यांच्या खुब्याचा फोटो काढून आण.”

मुकीने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवले आणि क्ष-किरणाच्या खोलीबाहेर आणून खुर्ची उभी केली. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तो असाच राहावा म्हणून मामा जरासुद्धा हलले नाहीत. काही तरी बोलावे असे त्यांच्या मनात होते. इतक्यात आतल्या एका खोलीतून घंटा वाजली.

“जा,” मामा म्हणाले. “तिथं खरोखरीचं कुणी तरी आहे.”

“येते मामा,” म्हणून ती झपाझप निघून गेली.

आतून हाक आली, “चला, पुढे या!”

मामांनी चाके फिरवून पाहिली. ब्रेक लावलेला होता आणि तो कोठे असतो, हे त्यांना माहीत नव्हते. “आलो, आलो,” असे म्हणत ते तेथेच बसून राहिले.