सहा वर्षं, एक थेंब

माझ्या नवऱ्याने दारू सोडली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानातून आले की हे दारातच तोंड उघडून उभे राहायचे आणि मी वास घ्यायची. ही अट माझीच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर चांगलीच पोळले होते.

यंदा वास नसूनही सगळी जुनी लक्षणं दिसायला लागली. सकाळी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, जीभ जड. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. डोळे मिटून किल्ली घासणारा हा माणूस, पण गिऱ्हाइकं किल्ल्या परत आणू लागली, लागत नाहीत म्हणून. दुपारी हे कामाच्या टेबलावरच डोकं टेकून झोपायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि सोनोग्राफी केली, तर लिव्हरवर चरबी.

झालं. माझं डोकंच फिरलं.

"जित्याची खोड!" मी म्हणाले. "वास न येणारी कुठली पिता, तेवढं तरी सांगा."

"अगं, थेंबही नाही घेतला."

"मग लिव्हर काय हवा खाऊन फुगलं?"

यांना उत्तर सुचेना. हल्ली कशालाच पटकन सुचत नव्हतं, पण मला वाटलं, चोर सापडला. हे दूध आणायला गेले तेव्हा किल्ली घरातच राहिली होती. मी लॅच लावलं आणि बेल वाजली तरी उघडलं नाही. यांनीच बसवलेलं लॅच. एका तारेने यांना ते मिनिटभरात उघडता आलं असतं. मी आतून कान लावून उभी होते. यांनी हातही लावला नाही. दुधाची पिशवी दारात ठेवली आणि दुकानावरच राहायला गेले.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. यांचा आठवडाभर लागत नव्हता म्हणे. मी गेले.

"रक्ताचे रिपोर्ट आलेत," त्या म्हणाल्या. "त्यांची थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय, त्यामुळे सगळं शरीरच मंदावलंय. लिव्हरला चरबी नीट जाळता येत नाही, मग ती तिथेच साठते. सूज, थंडी, विसरभोळेपणा, जड जीभ, सगळं त्यातलंच. गोळ्या सुरू करू, हळूहळू फरक पडेल."

"आणि दारू?"

"दारूचं यात मला तरी काही दिसत नाही."

गोळ्या घेऊन मी तशीच दुकानाकडे धावले. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते. सवय नाही मला. या घरात माफी मागायचं काम इतकी वर्षं यांच्याकडेच होतं. हे स्वेटर घालून टेबलाशी बसले होते, पुढ्यात अर्धवट घासलेली किल्ली.

"अहो, चुकले मी," मी दारातूनच म्हणाले. "तुम्ही खरं बोलत होतात. थायरॉइड आहे, औषध मिळालंय. घरी चला."

यांनी रिपोर्ट घेतला. सावकाश वाचला, दोनदा. मग हसल्यासारखं केलं.

"चार दिवस आधी यायचं होतंस गं," म्हणाले.

आणि उठून, रोज घराच्या दारात उभे राहायचे तसे समोर उभे राहिले आणि तोंड उघडलं.

मला जवळ जावं लागलं नाही.