डोंगरापलीकडची शिट्टी

मी फॅक्सचं यंत्र बोलतोय. बोलतोय म्हणजे शिट्टी मारतोय; आम्हा फॅक्सवाल्यांची भाषाच ती. रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत, फ्रीज आणि खिडकी यांच्यामधल्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता पिवळट झालोय. इथल्या तंत्रज्ञ काकांनीच मला खोक्यातून बाहेर काढलं. पुढे सगळी इस्पितळं ईमेलवर गेली. माझ्यावाचून अडणारं एकच उरलं, डोंगरापलीकडचं छोटं इस्पितळ. तिथे ना इंटरनेट, ना मोबाइलला रेंज. आहे ती जुनी फोनची तार आणि माझ्याच वयाचं एक यंत्र.

आमचं काम सोपं. मी फोन लावायचा, त्याने शिट्टी द्यायची, किती वेगाने बोलायचं ते दोघांनी ठरवायचं आणि मग कागद पाठवायचा. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

मग आमच्याकडे इंटरनेटवरून बोलणारे फोन आले. माझी तार भिंतीतून काढून एका डबीत खोचली. त्या दिवसापासून बोलणी ठरायच्या आतच फोन कट! पडद्यावर नुसतं 'वेळ संपली'. काका माझ्या पाठीत धपाटे घालायचे. "डोकं फिरलंय याचं, भंगारात काढा." रिपोर्ट गाडीने जाऊ लागले आणि माझ्यावर धूळ साचली.

एका दुपारी पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाळंतपणाला आलेल्या एका बाईला रक्तस्राव होत होता. तिथल्या फ्रीजमध्ये रक्ताच्या पिशव्या होत्या, पण तिला कुठलंही रक्त चालण्यासारखं नव्हतं. कुठलं चालेल याची तपासणी आमच्याकडे झाली होती, आणि रिपोर्ट म्हणजे खुणांनी भरलेला भलामोठा तक्ता.

"फोनवर लिहून घेता?" काकांनी विचारलं.

"नको हो. एक खूण इकडची तिकडे झाली तर तिच्या जिवावर बेतेल. कागदच पाठवा."

गाडी पोचायला रात्र झाली असती. फोन बसवणारी इंजिनिअर मुलगी नेमकी बाहेरच्या खोलीत काम करत होती. काकांनी तिला जवळजवळ ओढतच आणलं. "पोरी, ते राहू दे. आधी हे बघ!"

तिने लॅपटॉप उघडला, मला एकदा फोन लावायला लावला आणि पडद्याकडे टक लावून बसली.

"काका, तुमचं यंत्र धडधाकट आहे. शिट्टी ऐकली की ही डबी फोन कंपनीला विचारते, आता फॅक्सच्या पद्धतीने बोलू का? तिकडून उत्तरच येत नाही. ही ताटकळते, आणि तेवढ्यात पलीकडचं यंत्र कंटाळून फोन ठेवतं."

"मग कंपनीला सांग ना उत्तर द्यायला!"

"सांगते, पण त्यांचं उत्तर येईस्तोवर उद्या उजाडेल. आत्ता डबीलाच सांगते, काही विचारू नकोस. आवाज दाबून लहान करू नकोस, येईल तसा पुढे ढकल."

पुन्हा फोन लागला. या वेळी बोलणी ठरली! कागद सरकू लागला आणि अर्ध्यावर सगळं तुटलं. काकांनी कपाळाला हात लावला.

"थांबा, याचा वेग कमी करते," ती म्हणाली आणि माझी बटणं दाबू लागली. "हळू बोल रे बाबा, घाई नको."

आयुष्यात इतक्या मायेने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी एकेक ओळ जपून पाठवली. शेवटी पलीकडून 'मिळालं'ची शिट्टी आली, आणि काका मटकन स्टुलावर बसले.

दिवेलागणीला पुन्हा फोन वाजला. "योग्य रक्त चढवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मुलगी झालीय, आणि रडते तरी किती ठणठणीत!"

काकांनी ओलं फडकं आणलं आणि मला कानाकोपऱ्यातून पुसून काढलं.

आता कंपनीने आपली बाजू दुरुस्त केलीय, तरी मी हळूच बोलतो. डोंगरापलीकडे इंटरनेटची केबल टाकायला सुरुवात झालीय म्हणे. टाका, लवकर टाका! माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली तर मला आनंदच आहे. मागणं एवढंच, माझी तार काढण्याआधी तिकडे एकदा विचारा, "आमचं तुमच्यापर्यंत पोचतंय ना?" आणि 'हो' ऐकल्यावरच मला उचला.