भाकरीच्या बदल्यात पत्ता

मी एक जुना पितळी डबा आहे. कल्हई उडालेला, कडीपाशी चेपलेला. पण मित्रांनो, पंचाहत्तर सालाच्या सुमारास माझा थाट वेगळा होता. मालक हिंदुराव सोलापुरी चादरी विकायला कलकत्त्याला जात. निघताना त्यांची बायको वच्छलाबाई माझ्यात कडक भाकरी रचत, वर शेंगाचटणी घालत.

गाडीत शेजारी असे पीरसाब, चामड्याचा व्यापारी.

“झाकण काढा की हिंदुराव, वासानंच भूक लागली,” तो म्हणे. भाकरी संपली की पत्ता देई, “चामड्याच्या कारखान्यांकडं जावा. तितं ते कारखाने चालवनाऱ्या हक्का चिन्यांची खानावळ हाय.”

दुसरा कोणी भाकरी खाऊन कँटनहून आलेल्या चिन्यांच्या वाफवलेल्या गोळ्यांची गल्ली सांगे. कलकत्ता येईतो मी रिकामा. मग मला टेबलाखाली सरकवून हिंदुराव निळे मासे रंगवलेल्या चिनी वाडग्यात तोंड घालत. माझ्याच पोटातलं वाटून त्यांनी माझीच सवत शोधली होती! मी खालून त्या वाडग्याकडे बघून जळत असे.

घरी वच्छलाबाई मला उघडून खूश होत. “समदं संपलं व्हय? पुढच्या खेपेला चार जास्त थापते.”

हिंदुराव पाय धुवायला निघून जात.

एकदा पीरसाब घरी आला आणि बोलून गेला, “वैनी, भाकरी लई झ्याक. हिंदुराव आमालाच चारतो की. त्याला चिन्यांचं जेवन लागतंय.”

वच्छलाबाई भांडल्या नाहीत. चहा दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, “मलाबी दावा ती खानावळ. माज्याच भाकरीवर मिळालीया.”

पुढच्या खेपेला गाडीत मी वच्छलाबाईंच्या मांडीवर होतो. पीरसाबने हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या भावजी, आता पत्ता पाठ हाय.”

खानावळीत वाडगा आला. वच्छलाबाईंनी एक घास चाखला. “शेवयाच की. बऱ्या हायत.” मग मला उघडून नवऱ्यापुढे ठेवलं. वाडग्याला लागून, टेबलावर.

हिंदुरावांनी वाडगा सरकवला, भाकरी मोडली, चटणी लावली. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“कशी झालीया?”

“तुज्या हातची लई दिसांनी खाल्ली,” ते मान खाली घालून म्हणाले.

सवत अजून देखणीच होती. मी अजून जळत होतो. पण मित्रांनो, एक मागणं आहे. डबा खुशाल वाटा, जगभरच्या खानावळी हिंडा. फक्त ज्याच्यासाठी तो भरलाय, त्यानं पहिला घास स्वतः खावा. घरी कुणीतरी चव विचारणार असतं.