पापणी न मिटण्याचे काम

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, फोटो काढणारा. बटण बंद केले की यंत्र झोपते, असे लोकांना वाटते. माझी मात्र झोप उडालेली आहे. कपाटात ठेवा, पेटीत ठेवा, माझा डोळा आतल्या आत जागाच असतो. ती झोप कशी उडाली, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही मुले मधे मधे घड्याळ बघत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. धुळीचा कणही माझ्या पोटात जाऊ नये, म्हणून तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असत. त्यांनी माझ्यात काचा बसवल्या, एक इवलासा आरसा बसवला आणि मला एकच विद्या शिकवली. पापणी उघडायची आणि लगेच मिटायची. खटक! समोर राजा असो की रडके मूल, मी क्षणभर बघणार आणि डोळा मिटणार. जाता जाता कोणीतरी माझ्या पाठीवर लाल ठिपक्याचे एक बारीक बटणही बसवून दिले. ते असून नसल्यासारखे होते. मी त्याची कधी चौकशी केली नाही.

मला ज्यांनी विकत घेतले, त्यांना सगळी गल्ली फोटोवहिनी म्हणत असे. जिन्याखाली त्यांचे दुकान होते. आत निळा पडदा, फिरते स्टूल, पांढऱ्या छत्र्या लावलेले दोन दिवे आणि दोऱ्याने बांधलेला कंगवा. कंगवा का बांधला, असे कोणी विचारले तर वहिनी म्हणत, लोक फोटो विसरून जातात पण कंगवा बरोबर घेऊन जातात.

वहिनींचा एक नेम होता. दुकान उघडले की स्वतः पाण्याचा घोट घेण्याआधी त्या मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या. मग क्षणभर हात जोडून उभ्या राहायच्या. मला नमस्कार होता की वर बसलेल्याला, ते मी कधी ठरवू शकलो नाही. पण त्या क्षणी माझी सगळी कुरकुर थांबायची.

कामात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. बोट बटणावर अर्धे दाबायचे, म्हणजे माझी नजर ठरते. मग पूर्ण दाबायचे, म्हणजे फोटो निघतो. अर्धे, मग पूर्ण. हे त्यांच्या बोटात इतके मुरले होते, की दाराची घंटासुद्धा त्या तशीच दाबत. आणि तोंडात एकच मंत्र असे, "हनुवटी खाली. हलू नका." ओळखपत्राचे फोटो, शाळेचे गट, नवी जोडपी, पहिला दात आलेली बाळे, सगळी त्या मंत्राने जागच्या जागी थिजत आणि माझ्या पोटात येऊन बसत. लोक फोटो बघून म्हणत, वहिनी, तुमच्या कॅमेऱ्यात जादू आहे. मी फुगून जायचो. खोटे कशाला बोलू?

पुढे घरोघरी, खिशोखिशी फोन आले. निळ्या पडद्यावर कोळ्यांनी जाळी विणली. काच मात्र रोज पुसली जाई. वहिनींचा नेम गिऱ्हाईक बघून चालत नव्हता.

अशा दिवसांत एकदा वहिनींच्या नणंदबाई दुकानात आल्या. त्या बालवाडीच्या बाई. आवाज असा, की रस्त्याच्या पलीकडून हाक मारली तर अलीकडची मुले आपोआप रांगेत उभी राहत. नणंद-भावजयीचे गूळपीठ होते, आणि त्यात मिरचीही भरपूर होती. त्या दिवशी बाई स्टुलावर बसल्या आणि हळू बोलल्या. त्यांना हळू बोलताना मी प्रथमच बघितले. गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रियेनंतर जीवाची काळजी नव्हती. आवाजाचे मात्र सांगता येत नव्हते.

"लेकीचे दिवस भरत आलेत, वहिनी," त्या म्हणाल्या. "ती तिकडे दूर. माझ्या नातवंडानं मला बघायला फोटो आहेत. ऐकायला काय आहे?"

त्यांना एक गोष्ट सांगून ठेवायची होती. नातवंडाच्या आईची, ती लहान असतानाची. ती लेकीलाही धड ठाऊक नव्हती. शेजारचा मुलगा फोनवर काढून द्यायला तयार होता, पण फोन समोर धरला की बाईंना हसू फुटे. शिवाय घरात फोटोवाली असताना बाहेरच्याला कशाला, असा वहिनींचाही हट्ट. वहिनी हो म्हणून बसल्या. त्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ काढला नव्हता. मीही नव्हता काढला.

त्या दिवसापासून माझी तळमळ सुरू झाली. वहिनींनी पाठीवरचे ते लाल बटण दाबले, ते व्हिडिओचे निघाले, तसा माझा आरसा वर गेला आणि वरच राहिला. पापणी उघडली आणि मिटेना! वहिनींनी सवयीने माझ्या बघायच्या छोट्या खिडकीला डोळा लावला, तर आत काळोख. मी मेलो असे समजून त्यांनी मला दोनदा हलवले. मग पाठीवरच्या पडद्यात चित्र दिसते आहे, हे बाईंनीच दाखवले. तुम्ही एकटक बघायची पैज लावता ना? डोळ्यांना कसे पाणी येते? तशी माझी गत झाली. पोट तापले, आजवर नुसते ऐकून सोडलेले आवाज आता साठवायचे होते, पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, सगळे आत शिरू लागले. कुठे बघू आणि काय टाकू, काही कळेना.

पहिल्याच प्रयत्नात वहिनींच्या तोंडून मंत्र निघून गेला, हलू नका. बाई पुतळ्यासारख्या बसल्या. आम्ही तिघांनी मिळून एका गप्प बाईचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या वेळी गोष्ट ऐन रंगात असताना वहिनींनी मला उभा धरला, चेहऱ्याचा फोटो घेताना धरतात तसा. पडद्यावर बघितले तर बाई भिंतीवर आडव्या झोपून बोलत होत्या. "आताच आडवी केलीस होय गं मला? डॉक्टरांना तरी काम ठेव," असे म्हणून बाई हसत सुटल्या. वहिनींना मात्र हसू आले नाही. त्या पडद्याआड गेल्या आणि डोळे पुसून आल्या.

मग त्या जिद्दीला पेटल्या. फसलेला प्रत्येक व्हिडिओ त्या लगेच पुसून टाकत. ट्यूबलाइटखाली चेहऱ्यावर पट्टे सरकताना दिसले, म्हणून स्टूल खिडकीपाशी नेले. माझी नजर सारखी मागेपुढे होऊन गुरगुरायची, म्हणून ती हाताने पक्की केली. पंखा बंद केला. मला तिवईवर घट्ट बसवले. आणि बाई काचेकडे बघून अवघडतात हे लक्षात आल्यावर वहिनी माझ्यामागून उठून माझ्या शेजारी पाटावर येऊन बसल्या. म्हणजे बाईंनी यंत्राशी बोलायचे नाही, वहिनींशी बोलायचे. युक्ती फार छान होती. एवढेच, की तिथून माझी पाठ दिसत नव्हती.

इस्पितळात जायचा दिवस उजाडला. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. बाईंचा भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, रिक्षा बघायला गेले होते. वेळ थोडा होता. वहिनी घाबरल्या होत्या, आणि मित्रांनो, घाबरलेला हात नवे शिकलेले विसरतो आणि जुने आठवतो. त्यांनी लाल बटण दाबले. अर्धे, मग पूर्ण. दोनदा!

त्या बटणाला अर्धे-पूर्ण काही कळत नाही. पहिल्या दाबाने मी सुरू झालो. दुसऱ्याने बंद झालो. वहिनी शांतपणे पाटावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, वन्सं."

बाईंनी सांगितली. काय सांगू तुम्हाला, कशी सांगितली! लेक तीन वर्षांची असताना कापडाच्या मोठ्या दुकानात हरवली. दुकानदार, शिंपी, गिऱ्हाइके, सगळे शोधून दमले. पोर होती दर्शनी काचेच्या मागे, कपडे घातलेल्या बाहुल्यांच्या रांगेत, श्वास रोखून उभी. शेजारून चारदा माणसे गेली, कोणाला ओळखू आली नाही. शेवटी बाईंनी दुकानाच्या मधोमध उभे राहून लपंडावातली हाक दिली, "को-ण ना-ही इ-थं?" आणि बाहुल्यांच्या रांगेतून उत्तर आले, "मी नाही!"

ती हाक बाईंनी तिथे, खिडकीपाशी, तशीच देऊन दाखवली. तिला एक वळण होते, झोका वर जाऊन क्षणभर थांबतो तसे. वहिनी पोट धरून हसल्या. मग दोघी रडल्या. मी समोर उभा होतो, उघडी काच घेऊन. सारे माझ्या काचेवर येत होते आणि परत जात होते. माझ्या पाठीवरच्या पडद्यात लाल ठिपका पेटलेला नव्हता. मला ओरडायचे होते. यंत्राला घसा नसतो.

गोष्ट संपली. वहिनी उठल्या आणि थांबवायचे म्हणून बटण दाबले. या वेळी एकदाच. आणि मी सुरू झालो. बाहेर रिक्षा वाजली. वहिनींनी मला घाईने तिवईवरून काढले, गळ्यात अडकवले, आणि बंद करेपर्यंत जे थोडे हाती लागले, ते मी अधाशासारखे पोटात भरले.

शस्त्रक्रिया झाली. बाई वाचल्या. आवाज गेला.

त्या घरी आल्यावर वहिनींनी मला टीव्हीला जोडले. सगळे गोळा झाले. पहिला व्हिडिओ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपला. दुसऱ्यात फरशी दिसली, स्टुलाचे पाय दिसले, वहिनींच्या साडीचा काठ हलला. आणि बाईंचा आवाज आला, "नीट आलं ना, वहिनी?" मग वहिनींचा, "अगदी सुरेख आलं, वन्सं."

बस, तेवढेच होते.

खोलीत कोणी कोणाकडे बघितले नाही. वहिनींनी मला पेटीत घातले आणि पेटी कपाटाच्या तळाशी ढकलली. दुसऱ्या दिवशी माझी काच पुसली गेली नाही. त्यानंतरही नाही. अंधारात माझ्या काचेत बुरशीचा पहिला पांढरा धागा उगवला, तो मला कळत होता. पण त्याहून जास्त ती हाक छळत होती. माझ्यासमोरून गेली आणि माझ्याकडे नव्हती. मी हजारो चेहरे साठवले, आणि जे एकदाच मागितले होते ते निसटले. सांगा, कशी झोप यावी?

एका दुपारी कपाट उघडले. पेटी काढणारे हात वहिनींचे नव्हते, बाईंचे होते. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला, पण डोळे तेच, वर्गात गडबड करणाऱ्याला हेरणारे. त्यांनी मला फडक्याने पुसले, अगदी अनाडीपणाने, आणि तिवईवर बसवले. मग वहिनींचा हात धरून त्यांना खिडकीपाशी स्टुलावर बसवले. वहिनी नको नको म्हणत होत्या. आयुष्यभर त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या होत्या, समोर कधीच नाही. त्यांना स्वतःच्या हातांचे काय करावे ते कळेना.

बाईंनी पाटीवर लिहून दाखवले, "तू ऐकली आहेस. आता तू सांग."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, वन्सं. मला तुमच्यासारखं येत नाही."

बाईंनी पाटी पुसली नाही. तीच पुन्हा पुढे केली. मग लाल बटण दाबले, एकदाच. वाकून माझ्या पाठीवरच्या पडद्यातला लाल ठिपका पेटला आहे ना, ते डोळे बारीक करून बघितले. पुन्हा एकदा बघितले. आणि जाऊन वहिनींच्या शेजारी बसल्या.

वहिनी सांगू लागल्या. अडखळत, चुकत. बाहुल्या उजवीकडे म्हणाल्या, तर बाईंनी त्यांचा हात धरून डावीकडे नेला. शिंपी विसरल्या, तर बाईंनी हवेत कात्री चालवली. पोर कशी उभी होती ते बाईंनी स्वतः गाल फुगवून दाखवले. हाक आली तेव्हा वहिनींनी ती दिली. बाईंनी मान हलवली, नाही. पुन्हा दिली. नाही. बाईंनी तळहात असा वर नेला, थांबवला, खाली आणला. वहिनींनी त्या हाताकडे बघत पुन्हा हाक दिली. ती तशी आली नाही, मित्रांनो. मी मूळ ऐकली आहे, मला फसवता येत नाही. पण जवळ आली. बाईंचे खांदे गदगदा हलू लागले. आवाज नसलेले हसू मी पहिल्यांदा बघितले. फोटोत ते आले नसते. तोंड उघडलेली एक बाई आली असती, एवढेच.

त्या दिवशी माझे पोट तापले, डोळ्यांची आग झाली, पण पापणी मिटावी असे वाटले नाही.

आता वहिनींचा नेम पुन्हा सुरू आहे. नातवंड घरी येते तेव्हा तो व्हिडिओ लागतो. वहिनींच्या तोंडून आजीची हाक ऐकली की ते पडद्याला उत्तर देत नाही. मागे वळून आजीकडे बघते आणि तिला सांगते, "मी नाही!"

मी म्हातारा झालो आहे. काचेतला तो पांढरा धागा जायचा नाही. तुम्हा मुलांना माझी एकच विनवणी आहे. आमची काच पुसा, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, ते तर कराच. पण आपल्या माणसाला बोलायला बसवाल, तेव्हा आधी उठून बघा, यंत्र खरेच जागे आहे ना. आणि ते जागे असले तरी तुम्हीही मन लावून ऐका. वहिनींनी तेव्हा ऐकले होते, म्हणून त्या घराकडे काहीतरी उरले. माझ्याकडे मात्र फरशी आहे, साडीचा काठ आहे, आणि "नीट आलं ना, वहिनी?" एवढा एक प्रश्न आहे. त्याचे खरे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला कोणाला देता येत नाही. म्हणून मी जागा आहे.