मालती चॉक वर्क्स, रायापूर

मूल्यमापनाच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसायला कुणी राजी नसतं, कारण पेपर तपासताना मी बोलते. मनात नाही, चांगलं मोठ्यानं. आमचा विषय बिझनेस मॅनेजमेंट. त्यात दहा मार्कांच्या उत्तराला उदाहरण लागतं, तेही खऱ्या कंपनीचं. नाव, गाव, साल, काय घडलं आणि त्यातून काय शिकायचं. सत्तावीस वर्षं मी हे घसा कोरडा करून सांगतेय, तरी पोरं लिहितात, ‘एक कंपनी होती, तिला तोटा झाला.’ अरे, कुठली कंपनी? तुझ्या मामाची? मग मुख्य परीक्षक बाळाचार्य सर चष्म्यावरून बघतात आणि मी गप्प होते, पुढचं बंडल सोडेपर्यंत.

एवढा आग्रह धरते खरा, पण गेली बारा वर्षं मी त्याला एक शेपूट जोडलंय. उदाहरण मोठ्या कंपनीचं घ्या, पुस्तकात छापून आलेल्या. ओळखीपाळखीच्या, गावातल्या, घरच्या कंपन्या नकोत. पोरं विचारतात, का मॅडम? मी म्हणते, नियम आहे. डोंबलाचा नियम. कारण वेगळंच आहे, आणि ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.

आमच्या अप्पांचा रायापूरला खडूचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांब शेड, पितळी साचे, पाण्यात कालवलेलं प्लास्टर आणि अंगणभर उन्हात पसरलेले वाळवणाचे ट्रे. साच्याला शेंगतेल आणि रॉकेल एकत्र करून पुसायचं, म्हणजे खडू चिकटत नाही. तो वास माझ्या लहानपणाचा वास आहे. आईचं नाव मालती, म्हणून मालती चॉक वर्क्स. मी मोठी, माझ्या पाठचा संजीव. मी शिकून धारवाडला कॉलेजात लागले, मळमड्डीत खोल्या घेऊन एकटी राहिले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. संजीव अप्पांच्या हाताखाली राहिला. दर रविवारी मी रायापूरला जेवायला. संजीवची लेक दीपश्री तेव्हा आठ वर्षांची. तुटके खडू परकराच्या ओच्यात घेऊन यायची आणि मला शेडच्या फरशीवर बसवून शिकवायची. मी विद्यार्थिनी, ती बाई. चुकले की छडी.

तर २०१३ साली, फेब्रुवारीत, मी वर्गात बदलाला होणारा विरोध शिकवत होते. पुस्तकातली उदाहरणं देऊन कंटाळले होते. फळ्याकडे वळले आणि लिहिलं, ‘मालती चॉक वर्क्स, रायापूर’. खाली एक, दोन, तीन करून कारणं. मालक बदलायला तयार नाही. शाळांमध्ये पांढरे बोर्ड आले तरी खडूच करत बसलाय. दहा वर्षांत बंद पडेल. वर हसून म्हणाले, मालकाला मी जवळून ओळखते, त्याला सांगून उपयोग नाही. वर्ग हसला. तिसऱ्या बाकावर लोकेश बसला होता, तो हसला नाही. तो परसूचा मुलगा, आणि परसू म्हणजे अप्पांचा साच्यावरचा जुना माणूस. मला ठाऊक होतं की हो ते. हजेरी मीच घेत होते. पण उदाहरण रंगलं होतं आणि मला थांबवेना.

परसूनं दुसऱ्या दिवशी अप्पांना सरळच विचारलं, कारखाना बंद होणार का, मी दुसरीकडे बघू का. संध्याकाळी अप्पांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “उत्तरा, ते फळ्यावर लिहायला खडू कुठला घेतला होतास?”

मी म्हणाले, “आपलाच.”

त्यांनी फोन ठेवला. त्या रविवारी मी गेले तर संजीव फाटकाशी उभा होता. म्हणाला, अप्पांना बरं नाही, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारीही नको. तिसऱ्या रविवारी मीच गेले नाही. मला राग आला होता. खरं तेच बोलले, त्यात एवढं काय, असं मी मळमड्डीच्या भिंतींना सांगत बसले. पुढच्या जानेवारीत अप्पा गेले. मी स्मशानात गेले, संजीवनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी मागच्या मागे परत आले. फळ्यावर ते लिहिल्याला बारा वर्षं झाली. आम्हा दोघांत नऊ-दहा किलोमीटरचा सरळ रस्ता आहे आणि आता दर पाच मिनिटांनी धारवाड-हुबळी धावणारी चिगरी बस. रायापूरचा थांबा आला की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघते.

आठवण येत नाही असं मी लोकांना सांगते. येते. रविवारी अकरा वाजले की येते. दीपश्री एव्हाना केवढी झाली असेल, साडी नेसत असेल का, मला ओळखेल का, असलं काहीबाही मनात येत राहतं. ती हुबळीला बीबीए करते हे मला कृष्णाबाईंनी सांगितलं. त्या माझ्याकडे स्वयंपाकाला येतात आणि भाजीबरोबर रायापूरच्या बातम्याही आणतात. बीबीए ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नाही. सगळे विषय सोडून पोरीनं माझाच घेतला होता.

आता या जूनमधली गोष्ट. मूल्यमापनाचा तिसरा दिवस, दुपारची वेळ. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता कोड नंबर. प्रश्न होता, घराण्याचे उद्योग बदलाला विरोध का करतात ते योग्य उदाहरणासह स्पष्ट करा. पाच मार्क मुद्द्यांना, पाच उदाहरणाला. अकरा पेपरांत अकरा वेळा तीच एक मोठी कंपनी वाचून माझं डोकं उठलं होतं. बारावा उघडला. अक्षर स्वच्छ, इंग्रजी साधं. मुद्दे नीट मांडलेले. मग उदाहरणाचा मथळा, खाली दोन रेघा मारलेल्या. मालती चॉक वर्क्स, रायापूर.

मी पेन खाली ठेवलं.

उत्तर असं होतं. या कंपनीचं उदाहरण विरोधाचं म्हणून दिलं जातं, पण ते चूक आहे. संस्थापकानं बदलाला विरोध केला नव्हता. २०१२ च्या दिवाळीतच त्यानं धूळ न उडणाऱ्या खडूचे नवे साचे मागवले होते. त्याची मुलगी कॉलेजात शिकवते आणि तिला खडूच्या धुळीनं खोकला येतो, हे त्याचं कारण. पहिला माल हाती आल्यावर तिला दाखवायचं म्हणून त्यानं घरात सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. माल मे महिन्यात आला. तोवर मुलीचं येणं बंद झालं होतं. जूनमध्ये त्यानं पहिली पेटी तिच्या कॉलेजात पाठवली, वर नाव न घालता. संस्थापकाच्या मृत्यूनंतर मुलानं शिंप्यांचा खडू आणि रंगीत खडू सुरू केले, आज कारखान्यात चौदा माणसं आहेत. जूनची पेटी त्यानं बंद केली नाही. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं हा निर्णय सदोष आहे, कारण त्यातून कुठलाही फायदा नाही. विचारल्यावर मुलाचं म्हणणं असं की, ती लिहिणार कशानं?

आणि शेवटचं वाक्य, वेगळ्या ओळीवर. ग्राहकाला हे अद्याप कळवलेले नाही.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. आमच्या कॉलेजात आता सगळ्या वर्गांत स्मार्ट बोर्ड आहेत. फळ्यावर लिहिणारी मी एकटीच, मागून मला खडूबाई म्हणतात तेही ठाऊक आहे. खोकला थांबला तो वय झालं म्हणून, असं मी समजत होते. खडू आपल्याच साच्यातला आहे हे तर पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, बुडाशी बारीक कंगोरा असतो. वाटलं, कॉलेज बाजारातून घेत असेल. शिपायाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर ते नाव तोंडून काढावं लागलं असतं. बारा वर्षं मी त्या खडूनं लिहीत होते आणि रोज हाताला लागलेली भुकटी पदराला पुसत होते. अप्पांना मी सांगितलं होतं, आपलाच. त्यांनी त्यानंतरही मला खडू पाठवला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी पेपर बाजूला सरकवला, शाई फुटू नये म्हणून.

दहापैकी दहा द्यावेत आणि बंडल बांधावं, हे अगदी हाताशी होतं. कुणाला कळणार? कोड नंबरामागे कोण आहे हे परीक्षकाला कळत नाही, तेच तर त्या नंबराचं काम. पण आमच्यात दुसराही नियम आहे, आणि तो खरा आहे, माझ्या शेपटासारखा नाही. घरच्या माणसाचा पेपर ओळखू आला तर तपासायचा नाही. उठायचं, मुख्य परीक्षकांना सांगायचं, फॉर्म भरायचा. त्या फॉर्मात एक रकाना आहे, नातं. मला भीती नियमाची नव्हती, त्या रकान्याची होती. मार्क देऊन टाकले असते तर दीपश्री नुसता बारावा पेपर राहिली असती. रकाना भरायचा तर मला आधी ती माझी आहे असं म्हणावं लागणार होतं, आणि तो हक्क माझ्याकडे उरलाय की नाही हे मलाच माहीत नव्हतं.

पेपर घेऊन मी बाळाचार्य सरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी उदाहरण वाचलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, ही कंपनी खरी आहे की पोरांनी बनवलीय? बनवली असेल तर पाच मार्क जातील.

“खरी आहे सर,” मी म्हणाले. “यातलं एकही वाक्य खोटं नसणार. पण मी हा पेपर तपासू शकत नाही.”

त्यांनी फॉर्म पुढे केला. नात्याच्या रकान्यात मी लिहिलं, आत्या. शब्द लिहायला वेळ लागला. सरांनी पेपर दुसऱ्या टेबलावर पाठवला. तिला किती मिळाले ते मला आजही ठाऊक नाही.

संध्याकाळी घरी जायची बस सोडून मी हुबळीकडे जाणाऱ्या चिगरीत चढले आणि रायापूरला उतरले. पेपराबद्दल बोलायचं नाही एवढं पक्कं होतं, ते गुपित आमच्या धंद्याचं आहे. मग आलेय कशाला म्हणून सांगणार? फाटकापर्यंत काही सुचलं नाही. शेड तशीच होती, मागे आणखी एक झाली होती. वाळवणाच्या ट्रेजवळ परसू बसला होता, केस पांढरे झालेले, की प्लास्टर होतं कोण जाणे. मला बघून तो उठला. मी बारा वर्षं त्याला काय म्हणायचं ते घोकत होते, आणि त्यानं नुसतं “बा अक्का” म्हणून, ये म्हणून, फाटक उघडलं.

संजीव आतून आला. कानावरचे केस पिकलेले, चाल हुबेहूब अप्पांची. आम्ही दोघं उभे.

“खडू न्यायला आले,” मी म्हणाले.

“का? पेटी पोचली नाही?” तो पटकन म्हणाला. “सोमवारीच पाठवली की.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली, हातांची भुकटी झटकायला लागला, जरा जास्तच वेळ. शेडच्या दारात एक उंच मुलगी येऊन थांबली होती. तिच्या हातात पुस्तक होतं, बोटांवर शाई. ती माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती, आणि जागची हलतही नव्हती. मला तिला जवळ घ्यावंसं इतकं वाटलं की मी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“पुरत नाही का गं, अक्का?” संजीवनं वर न बघताच विचारलं. “एक पेटी वर्षभर?”

दर वर्षी मार्चअखेर अर्धी पेटी उरते. मी एकटीच लिहिते ना. माझ्या कपाटात खालच्या खणात अशा सहा पेट्यांचा खडू साठलाय, मी कुणाला हात लावू देत नाही.

“नाही पुरत रे,” मी म्हणाले. “दर रविवारी येऊन थोडा थोडा नेला तर चालेल का?”